हिवाळ्यात टोपी उतरवणारे दोन कुरव

दिवाळी आटोपली की गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून मांडव्याला निघणाऱ्या लाँचच्या मागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागू लागतो. लाँचच्या वरच्या मजल्यावर प्रवाशांची दाटी असते. कुणीतरी गाठियांची पुडी फोडतो, एक तुकडा हवेत भिरकावतो आणि तो पाण्यावर पडण्याआधीच एखादा पक्षी तो चोचीत झेलतो. मुले टाळ्या पिटतात, छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवशी त्यांपैकी एखादे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. त्याखालची ओळ बहुधा ठरलेली असते : सायबेरियाचे पाहुणे मुंबईच्या भेटीला.

ही ओळ सर्वस्वी खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. लाँचमागच्या त्या थव्यात दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या पक्ष्यांच्या दोन निरनिराळ्या जाती मिसळलेल्या असतात. त्यांतील एका जातीचे काही पक्षी उत्तर आशियातून येत असतीलही. दुसऱ्या जातीचा मात्र सायबेरियाशी संबंध नाही. तिचे माहेर तिबेटच्या पठारावर, मध्य आशियातील उंच सरोवरांकाठी आणि आपल्याच लडाखमध्ये आहे. म्हणजे ज्याला परदेशी पाहुणा समजून गाठिया खिलवल्या जातात, तो कदाचित याच देशात अंड्यातून बाहेर पडलेला असतो.

इंग्रजीतील 'गल' या पक्ष्याला मराठी पक्षीविषयक पुस्तकांत 'कुरव' असे नाव आहे, तर त्याच्याच गोतावळ्यातील, दुभंगलेल्या शेपटीच्या आणि पाण्यात सूर मारणाऱ्या 'टर्न'ला 'सुरय' म्हणतात. मुंबईकरांच्या तोंडी मात्र सरसकट 'सीगल' हाच शब्द रुळला आहे. थव्यातील दोन जातींची पुस्तकी नावे आहेत काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव. नावे इतकी स्वच्छ असताना ओळखण्यात अडचण कसली, असे कुणालाही वाटेल. परंतु नवशिक्या पक्षीनिरीक्षकाची फजिती नेमकी इथेच होते. दुर्बीण डोळ्याला लावून तो काळे डोके शोधतो आणि तपकिरीही शोधतो. थव्यात त्याला एकही काळे डोके सापडत नाही आणि तपकिरीही सापडत नाही. सगळी डोकी पांढरीच.

याचे कारण असे की, डोक्याचा तो रंग हा या पक्ष्यांचा केवळ विणीच्या हंगामातील पोशाख आहे. उन्हाळ्यात चेहरा आणि माथा झाकणारी गडद पिसांची टोपी डोक्यावर चढते. वीण संपली की ती पिसे गळतात, त्यांच्या जागी पांढरी पिसे येतात आणि टोपीची आठवण म्हणून कानामागे एक काळपट ठिपका तेवढा उरतो. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावावी, तसा तो दिसतो. माणसे थंडीत कानटोपी घालतात आणि उन्हाळ्यात ती पेटीत टाकतात. या दोन्ही पक्ष्यांचा व्यवहार उलटा आहे. आणि ते महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असतात ते नेमके टोपी उतरवलेल्या महिन्यांत, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत.

गोंधळ एवढ्यावरच थांबत नाही. काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके ऐन हंगामातही काळे नसतेच. ते गडद चॉकलेटी असते आणि केवळ दुरून काळे भासते. तपकिरी डोक्याच्या कुरवाची टोपी त्याहून फिकट असते आणि तिला मानेकडे गडद किनार असते. म्हणजे दोघेही तपकिरीच, एक अधिक, एक उणा. शास्त्रीय नावांनीही डोक्याचा नाद सोडलेला नाही. पूर्वी लॅरस या प्रजातीत मोडणाऱ्या या पक्ष्यांना आता क्रॉइकोसेफॅलस या प्रजातीत ठेवले जाते. त्या शब्दाचा अर्थच मुळी 'रंगीत डोक्याचा'. चिनी भाषेने निदान एका पक्ष्याच्या बाबतीत अधिक शहाणपण दाखवले आहे. काळ्या डोक्याच्या कुरवाला तिथे 'लाल चोचीचा कुरव' म्हणतात, आणि चोच हिवाळ्यातही बऱ्यापैकी लालच राहते. लिनियसने १७६६ मध्ये त्याला 'रिडिबंडस', म्हणजे 'हसरा', असे नाव दिले. ते त्याच्या आवाजावरून पडलेले असावे. तो कर्कश आवाज ज्यांनी धक्क्यावर ऐकला आहे, त्यांना त्यात हसू कितपत ऐकू येईल, हा प्रश्नच आहे.

दुसऱ्या पक्ष्याचे शास्त्रीय नामकरण भारतातच झाले. मद्रास लष्करातील शल्यचिकित्सक आणि पुढे 'द बर्ड्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिणारे टॉमस जर्डन यांनी १८४० मध्ये या जातीचे वर्णन केले, तेही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील पक्ष्यांवरून. त्यांनी नाव दिले 'ब्रुनिसेफॅलस', म्हणजे तपकिरी डोक्याचा. नावावरून पाहता, त्यांच्या समोर आलेले पक्षी हिवाळा सरतानाचे, टोपी चढू लागलेले असावेत.

मग डिसेंबरच्या थव्यात हे दोघे ओळखायचे कसे? उत्तर डोक्यात नाही, पंखांत आहे. आणि पंख पाहायचे तर पक्षी उडत असायला हवा. लाँचमागे तो उडतच असतो, ही या बाबतीत मोठी सोय आहे.

तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोके शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखी काळीभोर असतात. हा काळा भाग रुंद असतो आणि त्यात टोकाजवळ एक-दोन ठसठशीत पांढरे टिकले असतात. काळ्या भागाच्या आत, अंगाच्या बाजूला, पुन्हा एक पांढरा पट्टा असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचा पंख पाहिला, तर याच्या अगदी उलट चित्र दिसते. त्याच्या पंखाची पुढची कड, मनगटाच्या सांध्यापासून जवळजवळ टोकापर्यंत, पांढरीशुभ्र असते. एखादी लांब पाचर बसवल्यासारखी ती दुरूनही चमकते. काळा रंग केवळ पिसांच्या अगदी टोकाला, मागच्या कडेने, बारीक किनारीसारखा असतो. एकदा ही खूण डोळ्यांत बसली की समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या खिडकीतूनही दोघांना वेगळे सांगता येते. पंख खालून दिसत असले तरी हरकत नाही. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा पंख खालूनही टोकाला काळाच दिसतो. दुसऱ्याचा मधला भाग करडा आणि बाहेरची कड पांढरी दिसते.

पक्षी कठड्यावर बसला असेल, तर डोळा पाहावा. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचे बुबुळ फिकट पिवळसर-पांढरे असते. त्यामुळे त्याची नजर काहीशी कठोर, रागीट भासते. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो आणि पांढऱ्या चेहऱ्यावर तो मणी ठेवल्यासारखा दिसतो. त्यामुळे तोच पक्षी उगाच गरीब, भाबडा वाटतो. (स्वभावाचा याच्याशी काही संबंध नाही. गाठियांवरून होणाऱ्या मारामाऱ्यांत भाबडा डोळा कुठेही मागे राहत नाही.) अंगलटीतही फरक आहे. तपकिरी डोक्याचा कुरव सुमारे ४१ ते ४५ सेंटिमीटर लांबीचा, भरदार, जाड चोचीचा. काळ्या डोक्याचा त्याहून थोडा लहान, सडपातळ, बारीक चोचीचा. दोघे शेजारी बसले असतील तर हा फरक लगेच जाणवतो. एकटा असेल तर मात्र आकारावर भिस्त ठेवणे धोक्याचे.

खरी परीक्षा असते ती पिल्लांची, म्हणजे त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जन्मलेल्या पक्ष्यांची. त्यांच्या पंखांवर अजून तपकिरी ठिगळे असतात, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असते आणि चोच-पाय लालऐवजी नारिंगी-पिवळट असतात. या वयात तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळाही गडदच असतो, त्यामुळे डोळ्याची खूण इथे उपयोगी पडत नाही. पंखाच्या टोकातील पांढरे टिकलेही अजून उमटलेले नसतात. तेव्हा पुन्हा पंखाच्या पुढच्या कडेकडेच वळावे लागते. टोकाकडचा भाग सगळाच काळा असेल तर पिल्लू तपकिरी डोक्याच्या कुरवाचे, आणि बाहेरच्या कडेच्या पिसांत पांढऱ्या रेघा असतील तर ते दुसऱ्याचे. लाँचच्या कठड्याशी येऊन गाठिया झेलणारा असा एखादा ठिगळ्या पंखांचा पक्षी पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नोव्हेंबरात त्याचे वय जेमतेम पाच महिन्यांचे असते, आणि एवढ्या वयात त्याने हिमालय ओलांडलेला असू शकतो.

या गोंधळात भर घालायला तिसराही एक कुरव आपल्या किनाऱ्यावर येतो, सडपातळ चोचीचा. त्याचाही डोळा फिकट आणि पंखाची कड पांढरी. परंतु त्याच्या कानामागची तीट अगदी पुसट असते किंवा नसतेच, मान आणि कपाळ लांबट असते, आणि उन्हाळ्यातही तो टोपी घालत नाही. त्याचा विचार इथे एवढाच पुरे.

आता या दोघांच्या गावांकडे वळू. 'समुद्रपक्षी' हा शब्द ऐकला की अथांग पाण्यावर आयुष्य काढणारा पक्षी डोळ्यांपुढे येतो. हे दोन्ही कुरव तसे नाहीत. खोल समुद्रात ते सहसा जातच नाहीत. किनारा, खाडी, बंदर आणि नदीचे मुख ही त्यांची हिवाळी हद्द. आणि जन्म तर समुद्रापासून फारच दूर. तपकिरी डोक्याचा कुरव वीण घालतो तो पामीर, लडाख, तिबेट आणि चीनमधील चिंगहाईच्या उंच, थंड सरोवरांवर. लडाखच्या चांगथांग भागातील त्सो मोरिरी आणि त्सो कार ही त्यांपैकी दोन सरोवरे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार मीटर उंचीवरची. हिवाळ्यात ती गोठतात. बर्फ वितळल्यावर तेथील बेटांवर आणि दलदलीत हे कुरव जमिनीवरच वसाहत करून घरटी करतात आणि दोन-तीन अंडी घालतात. तिथून मुंबईचा किनारा सरळ रेषेत दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

त्सो कार हे खाऱ्या पाण्याचे सरोवर. चांगथांगमधील भटके पशुपालक पूर्वी त्याच्या काठचे मीठ गोळा करून त्याचा व्यापार करीत. कुरवांना खाऱ्या पाण्याचे भय नसते. त्यांच्या डोळ्यांच्या वर कवटीत ग्रंथी असतात. रक्तातील जादा मीठ त्या वेगळे काढतात आणि ते खारट थेंबांच्या रूपाने नाकपुड्यांवाटे बाहेर पडते. एकाच वर्षात गोड्या पाण्याची दलदल, खारे सरोवर आणि अरबी समुद्र अशा तिन्ही ठिकाणी संसार मांडणाऱ्या पक्ष्याला याहून उपयुक्त सोय कोणती असणार?

काळ्या डोक्याच्या कुरवाचा पसारा याच्या कितीतरी पट मोठा. ब्रिटन-आइसलँडपासून युरोप, रशिया, मध्य आशिया असे करीत पार पूर्वेला कामचाटकापर्यंत तो वीण घालतो. अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्येही त्याने बस्तान बसवले आहे. हिवाळ्यात तो युरोपच्या शहरांत, आफ्रिकेत, भारतात, जपानमध्ये, जिथे सोय असेल तिथे दिसतो. तळे, दलदल, नांगरलेले शेत, कचऱ्याचा ढीग, त्याला काहीही चालते. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे तसे नाही. त्याची विणीची जागा मध्य आशियातील मोजक्या सरोवरांपुरती आणि हिवाळ्याची जागा मुख्यत्वे दक्षिण व आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांपुरती. एक मोठ्या खानदानातला, गावोगाव घरे असलेला. दुसऱ्याची घरे दोनच, एक डोंगरात आणि एक आपल्या किनाऱ्यावर. या दोघांना एकाच 'सीगल' शब्दात कोंबले की हा भेद दिसेनासा होतो.

अभ्यासाच्या बाबतीतही दोघांच्या नशिबात मोठी तफावत आहे. काळ्या डोक्याच्या कुरवाला निको टिनबर्गन भेटले. प्राणिवर्तनशास्त्राच्या पायाभरणीसाठी १९७३ मध्ये कॉनराड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालेल्या या शास्त्रज्ञाने आपल्या आयुष्यातील काही सुंदर प्रयोग याच पक्ष्यावर केले, तेही कसल्याही महागड्या उपकरणांवाचून. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील रेव्हनग्लास येथील वाळूच्या टेकड्यांत या कुरवांची हजारोंची वसाहत होती. टिनबर्गन आणि त्यांचे विद्यार्थी तिथे मुक्काम ठोकून बसत.

त्यांना पडलेला एक प्रश्न अगदी साधा होता. पिल्लू बाहेर आल्यावर आईबाप अंड्याचे फुटके कवच चोचीत धरून दूर नेऊन का टाकतात? काम क्षणभराचे, पण तेवढ्या वेळात घरटे उघडे पडते. मग एवढी जोखीम कशासाठी? अंडे बाहेरून मातकट आणि ठिपकेदार असते, त्यामुळे ते वाळूत मिसळून जाते. फुटल्यावर मात्र कवचाची आतली पांढरी बाजू उघडी पडते. टिनबर्गन यांनी अंडी उघड्यावर मांडली. काहींच्या अगदी जवळ फुटके कवच ठेवले, काहींच्या थोडे दूर, काहींच्या आणखी दूर. कावळे आणि मोठे कुरव यांनी जी अंडी पळवली, त्यांत कवचाजवळच्या अंड्यांचे प्रमाण सर्वांत जास्त निघाले. पांढरे कवच म्हणजे चोराला दाखवलेला दिवा होता. १९६२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि वर्तनाचा जगण्याशी असलेला संबंध प्रयोगाने कसा तपासावा, याचा तो वस्तुपाठ ठरला.

यातील एक बारकावा अधिक बोलका आहे. आईबाप कवच तत्काळ हलवत नाहीत. पिल्लू ओले आहे तोवर ते घरट्यातच थांबतात, कारण शेजारची कुरवेच ओले पिल्लू गिळून टाकतात. पिल्लू वाळून पिसे फुलली की ते गिळायला कठीण जाते, आणि मगच कवच उचलले जाते. एका बाजूला कावळा, दुसऱ्या बाजूला शेजारी. कुरवाचा प्रपंच या दोहोंच्या मधल्या वेळात चालतो.

टोपीचे कोडेही अशाच निरीक्षणातून उलगडले. मार्टिन मॉयनिहन आणि टिनबर्गन यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले की, वसाहतीत गडद चेहरा समोरच्यावर रोखणे ही धमकी असते. मग नर-मादी जवळ येणार कशी? तर दोघेही एकमेकांशेजारी उभे राहून झटकन माना विरुद्ध दिशेला वळवतात आणि गडद चेहरा लपवून पांढरी मान समोर करतात. भांडायचे नाही, हे सांगण्याची ही रीत. याचा अर्थ टोपी ही जागेच्या भांडणासाठी चढवलेली मुद्रा आहे. हिवाळ्यात शेकडो पक्षी अंगाला अंग लावून एका कठड्यावर बसतात, तेव्हा ती उतरलेली असते. ती उतरते म्हणूनच असे बसणे सोपे जाते, असे म्हणायला जागा आहे.

रेव्हनग्लासची ती प्रसिद्ध वसाहत मात्र आज उरलेली नाही. कोल्ह्यांचा उपद्रव आणि इतर कारणांनी ती घटत गेली आणि १९८० च्या दशकात ओस पडली. इतका अभ्यासलेला, इतक्या विपुल संख्येचा पक्षी एखादी जागा सोडून जाऊ शकतो. फरक एवढाच की त्याच्या जाण्याची नोंद झाली, कारण मोजणारे होते. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या वाट्याला असा टिनबर्गन आलेला नाही. लडाखच्या सरोवरांकाठी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना अलीकडे मोकाट कुत्र्यांचा मोठा त्रास होऊ लागला आहे. काळ्या मानेच्या क्रौंचाबद्दल ही चिंता वारंवार व्यक्त होते. कुरवाचे घरटेही त्याच जमिनीवर असते, पण त्याच्याविषयी कुणी फारसे बोलत नाही. त्सो मोरिरीला २००२ मध्ये आणि त्सो कारला २०२० मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. यादीत नाव असणे आणि काठावर वाहने, तंबू, उष्टे अन्न व त्यावर पोसलेली कुत्री नसणे, या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन्ही जातींवर ओढवलेले एक संकट समान आहे. २००५ च्या उन्हाळ्यात चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूने सहा हजारांहून अधिक स्थलांतरित पक्षी दगावले. त्यांत पट्टकादंब हंसांबरोबर तपकिरी डोक्याचे कुरवही होते. रानपक्ष्यांत एवढ्या मोठ्या प्रमाणावर या विषाणूने घेतलेला तो पहिला बळी मानला जातो. पुढे २०२३ मध्ये त्याच विषाणूच्या नव्या लाटेत ब्रिटन आणि युरोपातील काळ्या डोक्याचे कुरव विणीच्या वसाहतींत हजारोंच्या संख्येने मेले. या दुसऱ्या घटनेचा अंदाज बराच नेमका बांधता आला, कारण तिथे वसाहतींची वर्षानुवर्षांची मोजणी हाताशी होती.

म्हणूनच ओळख हा केवळ हौशी लोकांचा खेळ राहत नाही. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिचा मोठा भार स्वयंसेवकांवर असतो. शिवडी, ठाणे खाडी, अलिबाग, रत्नागिरी अशा ठिकाणी पहाटेची ओहोटी गाठून ही मंडळी चिखलाच्या काठाशी उभी राहतात. त्यांच्या वहीत 'कुरव – ८००' अशी नोंद झाली, तर तिचा उपयोग थोडाच. त्या आठशेंत तपकिरी डोक्याचे किती होते, हे ठाऊक असेल तरच दहा वर्षांनी काही बोलता येईल. समजा, लडाख-तिबेटकडचे दोनशे कमी झाले आणि उत्तरेकडचे दोनशे वाढले, तर बेरीज आठशेच राहील आणि सारे आलबेल असल्याचे भासेल. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या सूचीत आज दोन्ही जाती 'किमान चिंतेच्या' वर्गात आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण एखाद्या जातीचा वर्ग बदलायचा तर त्याआधी तिची घट कुणाच्या तरी वहीत दिसावी लागते.

राहता राहिल्या गाठिया. पक्ष्यांना खाऊ घालणे ही काही मुंबईचीच रीत नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कडक हिवाळ्यांत काळ्या डोक्याचे कुरव लंडनमध्ये थेम्सवर येऊ लागले आणि पुलावरून त्यांना पाव टाकणे हा लंडनकरांचा छंद झाला. चीनमधील कुनमिंग शहरात १९८५ च्या हिवाळ्यात ते आले, आणि तेव्हापासून दरवर्षी हजारो नागरिक त्यांच्या स्वागताला तळ्याकाठी जमतात. बँकॉकजवळच्या बांग पू येथे तपकिरी डोक्याच्या कुरवांना असाच पाहुणचार मिळतो. काशीच्या घाटांवर तर नावाड्यांकडे शेवेच्या पुड्याच तयार असतात, आणि तिथेही या पक्ष्यांना 'सायबेरियन' असेच म्हणतात.

खाऊ घालणाऱ्याच्या मनात दयाभाव असतो, हे मान्य करायलाच हवे. परंतु बेसन, मीठ, तेल आणि तिखट यांचे हे मिश्रण मासे, कोळंबी, चिखलातील किडे आणि बंदरातील मासळीचा टाकाऊ भाग यांवर जगणाऱ्या पक्ष्याचे अन्न नव्हे. कुरव ते खातो कारण कुरव जवळजवळ काहीही खातो. पुन्हा एकेका तुकड्यासाठी थव्याची झुंबड उडते ती लाँचच्या अगदी अंगाशी, आणि रिकाम्या पुड्या कुठे जातात हे समुद्राला विचारावे. कुरवाला मुंबईत गाठियांची गरज नाही. त्याला गरज आहे ती ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाची. शिवडीचा चिखल आणि ठाणे खाडीचा काठ हे त्याचे खरे ताट. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. शिवडीच्या चिखलावरून जानेवारी २०२४ पासून अटल सेतूची वाहतूक सुरू आहे. नाव फ्लेमिंगोंचे असले तरी त्या चिखलावर हक्क सांगणाऱ्या पक्ष्यांची यादी मोठी आहे आणि कुरव तिच्यात वरच्या बाजूला आहेत.

फेब्रुवारी सरता सरता थव्यात एक बदल दिसू लागतो. कानामागची तीट पसरते, कपाळावर ठिपके उमटतात आणि काही दिवस डोके काजळी सांडल्यासारखे कळकट दिसते. मार्चमध्ये काही पक्ष्यांची टोपी पूर्ण होते. फिकट तपकिरी आणि गडद चॉकलेटी अशी दोन डोकी मग एकाच कठड्यावर शेजारी बसलेली दिसतात आणि पुस्तकातील नावे पहिल्यांदाच खरी ठरतात. मात्र तोवर ऊन तापू लागलेले असते आणि धक्क्यावरची गर्दी ओसरलेली असते. ज्यांना ही डोकी पाहायची असतील त्यांनी मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात सकाळची लाँच धरावी. एप्रिलच्या अखेरीस कठडा रिकामा असतो.